सांगावे

पेलोतासमध्ये जूनचं धुकं
हेल्मेटच्या आतसुद्धा शिरतं.
मी त्यातून मोटरसायकल काढतो.
मागच्या पेटीत बर्फ, बर्फात नळ्या,
नळ्यांत कुणाकुणाचं रक्त.
नाव नसतं. नुसता आकडा.

इस्पितळाच्या मागच्या दारातून घ्यायचं,
विद्यापीठाच्या बाजूच्या दारात द्यायचं.
मधे साडेसहा किलोमीटर,
बंद दुकानं, आणि एक मेलेलं कुत्रं,
तीन दिवस झाले, कुणी उचललं नाही.
पूर्वी मी पिझ्झा पोचवायचो.
उशीर झाला की लोक शिव्या घालायचे.
आता उशिराबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही,
त्यानंच जास्त धडकी भरते.

एकदा न राहवून विचारलं इओलांदाबाईंना:
यात शोधता तरी काय? विषाणू?
"तो कधीचाच सापडलाय," त्या म्हणाल्या.
"मी टपाल वाचते."

मग दोन हातांवरून, मास्कच्या आतून सांगत राहिल्या.
यकृत मुकं नसतं. स्नायू मुके नसतात.
हृदयही नुसते ठोके मोजत नाही.
आणि चरबी, जिला आपण
कोपऱ्यात टाकलेलं पोतं समजतो,
ती तर दिवसरात्र लिहीत बसलेली.
एकानं लिहायचं, रक्तानं न्यायचं,
लांबच्या कुणी फोडायचं
आणि मुकाट तसं वागायचं.
"तुझाच धंदा," त्या म्हणाल्या. "फक्त पगार नाही."

नऊ नंबरच्या खाटेवर माझा भाऊ आहे, ओदाइर.
अंड्याचे बलक, खोबरं, साखर:
त्याच्या हातचे पिवळेधमक किंदिम
लग्नाआधी दोन महिने सांगून ठेवावे लागत.
वजन एकशे अठरा किलो.
येणारा-जाणारा त्याच्या पोटावर टपली मारायचा,
तोही हसायचा. सगळ्यांत आधी तोच.

"पोट भरलं, पोट भरलं,"
चरबी ओरडून ओरडून कळवते म्हणे,
इतक्यांदा, की मेंदू कानाडोळा करतो.
पण अंगातली फौज ऐकते.
फौजेला वाटतं, युद्धाची हाक आली.
आणि तिचाच जो दुसरा, शांत करणारा निरोप,
तो अंग वाढेल तसा कमीच लिहिला जातो.
मग खरोखरचा शत्रू दारात येतो
तेव्हा घर आधीच तापलेलं.

एक सांगावा तर दोन्हीकडून निघतो,
काना-मात्रेचाही फरक नाही.
चालत्या पायांतून निघाला तर विझवत जातो,
सुजल्या चरबीतून निघाला तर पेटवत जातो.
मग ओळखायचं कसं, बाई?
"नळीत नाही ओळखता येत.
पाठवणाऱ्याचा पत्ता नसतो त्यावर."

त्या रात्री मी पुलाखाली गाडी थांबवली,
पेटी उघडली, आकडे वाचले.
यातला ओदाइर कोणता?
बर्फ वितळेल म्हणून झाकण लावलं.
खड्डे चुकवत गेलो,
सगळ्यांसाठीच.

जुसारा नावाची पोरगी, व्यायाम देणारी,
ओदाइरचे बेशुद्ध पाय सकाळ-संध्याकाळ
सायकलसारखे फिरवायची.
काचेपलीकडून पाहिलं तेव्हा वाटलं, हिला वेड लागलंय.
इओलांदाबाई म्हणाल्या, पायांना लिहायला लावतेय ती.
लिहितात?
"कदाचित. थोडंसं. ठाम सांगणारं अजून कुणी नाही."

ऑगस्टात तो घरी आला.
एकतीस किलो तिकडेच ठेवून.
भिंतीला धरून फाटकापर्यंत जातो, परत येतो,
मधे दोनदा टेकतो.
काल म्हणाला, साखर चढवतो जरा.
मी पेटी धूत होतो अंगणात.
करपल्याचा वास आला तसा धावलो.
तो तिथंच उभा, पातेल्यावर वाकून,
ढवळतोय, ढवळतोय,
काळा धूर थेट नाकाशी,
आणि चेहरा निवांत.
त्याचे पाय थरथरत होते,
काही लिहीत असल्यासारखे.
मी गॅस बंद केला.
"झाली का?" त्यानं विचारलं.